कमी चाललेलं इंजिन

जुनी गाडी बघायला निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रनिंग किती झालंय?" वॅगन आर असो, इनोव्हा असो की पोर्शे, आकडा कमी असला की ऐकणारा खूश होतो आणि जास्त असला की "मग कशाला घेतोस?" म्हणतो. स्पोर्ट्स कारची तर किंमतच या आकड्यावर ठरते. मी बरेच महिने वापरलेली पोर्शे शोधत होतो. या शोधात माझं एक मत इतकं पक्कं झालं की ते नीट मांडावंसं वाटलं. पंधरा-अठरा वर्षांच्या स्पोर्ट्स कारवर फारच कमी किलोमीटर असतील, तर तिच्या इंजिनाची मला जास्त काळजी वाटते. भरपूर चाललेली आणि वेळच्या वेळी सांभाळलेली गाडी बघायला मी जास्त भरवशाने जातो.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. ग्राइंडिंग होऊन आलेले शाफ्ट, बुश, बेअरिंगच्या सीट मोजायच्या आणि रिजेक्शनची कारणं शोधायची, हे रोजचं काम. बाबा सातपूरच्या मायकोतून निवृत्त झाले. तिचं नाव बदलून बॉश झालं, पण जुने नाशिककर अजून मायकोच म्हणतात. डिझेल नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली दोन-तीन मायक्रॉनची फट राखण्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली. त्यामुळे आमच्या घरी धातूवर धातू कसा फिरतो, मध्ये तेल का लागतं, हे जेवताना बोलायचे विषय होते. वेगाचं वेड मात्र नाशिकच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवर होणाऱ्या रॅल्यांनी लावलं. धूळ खात, कडेला उभं राहून, वळणाआधी गिअर उतरतानाचा आवाज ऐकत मोठा झालो. तो आवाज आपल्या पाठीमागून यावा असं तेव्हापासून मनात आहे. पोर्शेच्या बॉक्स्टर आणि केमन या मॉडेलांमध्ये तो खरोखर पाठीमागून येतो, कारण सहा सिलिंडरचं आडवं इंजिन सीटच्या मागेच असतं.

आता धोक्याकडे येतो. पोर्शेने १९९६ साली पहिली बॉक्स्टर आणली तेव्हा हवेवर थंड होणारी जुनी इंजिनं बाजूला ठेवून पाण्यावर थंड होणारं नवं इंजिन बसवलं. त्याचं नाव एम९६. पुढे त्याचाच वारस एम९७ आला आणि तो २००८ पर्यंत चालला. या दोन्हींत क्रँककडून फिरणं घेऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या चेनपर्यंत पोहोचवणारा एक मधला शाफ्ट आहे. त्याचं एक टोक तेलाच्या दाबावर फिरतं. दुसरं टोक, फ्लायव्हीलकडचं, एका सीलबंद बॉल बेअरिंगवर. हेच ते कुप्रसिद्ध आयएमएस, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं, बेअरिंग. बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंना रबरी सील लावलेलं. कालांतराने सील कडक होतं, इंजिनातलं गरम तेल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि मग तेच तेल आत अडकून खराब होतं. गोळे कोरडे पडले की शाफ्ट डगमगतो, चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. धातूचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरतो. त्यानंतर उरतं ते दुरुस्त करण्यापेक्षा दुसरं इंजिन शोधणं सोपं.

अमेरिकेत यावर ग्राहकांनी सामूहिक खटला भरला आणि २०१३ साली तडजोड झाली. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या त्यात होत्या, म्हणजे मुख्यतः एकेरी गोळ्यांच्या बेअरिंगवाल्या. त्याआधीचं दुहेरी बेअरिंग बरंच टिकाऊ होतं. नंतरचं आकाराने मोठं बेअरिंगही तसंच, फक्त ते इंजिन पूर्ण फोडल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. २००९ च्या इंजिनात पोर्शेने तो मधला शाफ्टच काढून टाकला. आणि सगळ्यात वाईट अंदाज धरला तरी एकेरी बेअरिंगवाल्या शंभर गाड्यांतल्या नव्वदेक गाड्यांचं बेअरिंग टिकलं. तरीही पोर्शेचं नाव काढलं की प्रत्येक जण पहिल्यांदा हेच सांगतो. ज्याने आयुष्यात पोर्शेचं दार उघडलेलं नाही, तोही सांगतो.

या गाजलेल्या दोषापायी दुसरा दोष झाकला जातो आणि मला त्याचीच जास्त धास्ती आहे. या इंजिनांच्या सिलिंडरची आतली भिंत ओतीव लोखंडी बाहीची, म्हणजे लायनरची नाही. ती लोकासिलची आहे, म्हणजे चिक्कीत शेंगदाणे दिसावेत तसे अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे टणक कण रोवलेले. पिस्टन या कणांवरून सरकतो. पिस्टनवर लोहाचा पातळ लेप असतो. तो झिजला, किंवा भिंतीवरचं तेल सतत धुतलं गेलं, की अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासतं आणि भिंतीवर उभे ओरखडे पडतात. मग इंजिन टिकटिक करतं आणि तेल पितं. यात एखादा सुटा भाग बदलून भागत नाही. इंजिन उतरवायचं, फोडायचं, नव्या बाह्या बसवायच्या, नवे पिस्टन घालायचे. ३.४ लिटर आणि त्याहून मोठ्या इंजिनांत हे जास्त दिसतं, २.७ मध्ये कमी. म्हणून मी सुरुवातीपासून २.७ च्याच मागे होतो. पन्नास हॉर्सपॉवर कमी मिळाली तरी चालेल. त्र्यंबकहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर २४५ पुरेशा आहेत.

ओरखडे का पडतात यावर जाणकारांत अजून वाद आहेत. पण ज्या गोष्टींवर बोट ठेवलं जातं त्यात थंड इंजिनाला पिळणं, छोट्या छोट्या फेऱ्या आणि पेट्रोलने धुतलं जाणारं तेल ही तीन नावं हमखास येतात. आयएमएस बेअरिंगबद्दलही हाच अनुभव सांगतात की पडून राहिलेल्या, वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या गाड्यांत ते जास्त जातं. किलोमीटर कमी दाखवणाऱ्या गाडीचं आयुष्य नेमकं असंच गेलेलं असतं.

मुंबईच्या एका गाडीने हे मला डोळ्यांसमोर दाखवलं. २००७ ची बॉक्स्टर, सिंगल ओनर, फक्त २२ हजार किलोमीटर. रंग असा की बघत राहावं. नाशिकच्या वडाळा नाक्याकडे ज्यांचं गॅरेज आहे ते चाचा माझ्याबरोबर होते. चाचा जर्मन गाड्यांवरच काम करतात आणि स्वतःचा स्कॅनर घेऊन फिरतात. पहाटे कसारा घाट उतरून आम्ही वेळेआधी पोहोचलो, तरी चाचांनी सगळ्यात आधी सायलेन्सरच्या तोंडाला हात लावला. गरम होतं. ड्रायव्हर आपुलकीने म्हणाला, "साहेब येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली, बॅटरीचा काही त्रास नको." त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण थंड इंजिनाचा पहिला अर्धा मिनिट गेला होता. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाचा दाब यायच्या आधी किती खडखडतो, आयडल किती वेळात बसतं, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात कळतं. धूरही तेव्हाच दिसतो. आडव्या इंजिनात रात्रभर थोडं तेल सिलिंडरमध्ये उतरतं, त्यामुळे सुरुवातीला निळसर धूर निघाला तर ती लगेच आजाराची खूण धरायची नाही. मिनिटभरानंतरही धूर चालूच राहिला तर मात्र निघून यायचं.

चाचांनी स्कॅनर लावला. या गाड्यांचा इंजिन कॉम्प्युटर इंजिन किती तास चाललं ते लिहून ठेवतो, आणि आरपीएमची सुई लाल रेषेपलीकडे गेली असेल तर तेही. तास निघाले ११५०. चाचांनी मोबाइलवर भागाकार करून स्क्रीन माझ्यासमोर धरली. २२ हजार भागिले ११५०, म्हणजे ताशी १९ किलोमीटर. मीटर मागे फिरवलेलं नव्हतं, बाकी खुणा जुळत होत्या. गाडी फक्त कधी मोकळी चाललीच नव्हती. हेच ११५० तास समृद्धीवर नको, साध्या हायवेवर साठच्या सरासरीने काढले असते तर मीटरवर ६९ हजार दिसले असते. तेवढं आयुष्य त्या इंजिनाने खर्च केलं होतं, आणि त्यातलं बरंचसं सिग्नलला उभं राहून.

मालक भले गृहस्थ. त्यांनी अभिमानाने सांगितलं की गाडी वापरात नसली तरी ड्रायव्हर दर रविवारी तळघरात दहा मिनिटं चालू करून ठेवतो. आपल्याकडे कितीतरी घरांत मायेने हेच केलं जातं, म्हणून यावर थोडं थांबतो. थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढतं आणि न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन खाली जातं. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. गाडी अर्धा तास नीट चालली तर तेल तापतं आणि पाणी, पेट्रोल उडून जातं. दहा मिनिटं उभ्याने चालवून बंद केली तर पाण्याचं इंजिनातच दव धरतं. दर रविवारी थोडं पाणी, थोडं पेट्रोल तेलात साठत जातं. त्यातून तेल आम्लधर्मी होतं आणि ते आम्लधर्मी तेल पुढचे सहा दिवस बेअरिंगवर बसून राहतं. चाचांनी मागच्या डिकीतलं तेलाचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला फिकट पिवळसर चिकट थर होता आणि आतल्या तेलाला पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. टायरवरचे तारखेचे चार अंक बघितले तर टायरही बारा वर्षांचे निघाले.

आम्ही प्लग काढून आत कॅमेरा घालायची परवानगी मागितली. मालक नम्रपणे नाही म्हणाले. "इतकी कमी चाललेली गाडी उघडायची कशाला?" या वाक्याने माझा निर्णय झाला. त्यांना गाडीची काळजी होती, मला फसवायचा विचारही नव्हता. पण कमी किलोमीटरच्या आकड्यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यापलीकडे बघायची गरजच त्यांना वाटत नव्हती, आणि मला तर त्यापलीकडचंच बघायचं होतं. परतताना चाचा इगतपुरीपर्यंत फारसे बोलले नाहीत. मग चहा पिताना एवढंच म्हणाले, "साहेब, गाडी खराब आहे असं मी म्हणत नाही. ती चांगली आहे हे सांगायला माझ्याकडे काही नाही."

रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मशीन दोनदा त्रास देतं. नवं असताना आणि म्हातारं झाल्यावर. मधली वर्षं ते बिनबोभाट चालतं, पण चालू ठेवलं तरच." हे मी स्वतः पाहिलं आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर आम्ही कारखाना उघडला तेव्हा तिन्ही पाळ्यांत राबणारी ग्राइंडिंग मशीनं एखाद-दुसरा दिवस कुरकुरून मार्गी लागली. क्वचित वापरली जाणारी, "नव्यासारखी" म्हणून जपलेली मशीनं रडायला लागली. सील गळायला लागले, स्लाइडवर गंज, एका स्पिंडलचं बेअरिंग पहिल्याच आठवड्यात आवाज करायला लागलं. मशीनच्या तासांच्या नोंदी बघितल्या तर तीच सगळ्यात तरुण होती. गाडीचं इंजिन काही वेगळ्या धातूचं नसतं.

त्यात आता पेट्रोलचीही भर आहे. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येऊ लागलं आणि आज पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी दर आठवड्याला रिकामी होते, तिथे फारसं बिघडत नाही. सहा महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी खाली बसतं. २००७ सालच्या इंधनाच्या नळ्या आणि सील या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नव्हते. म्हणून अशी गाडी बघताना मी हल्ली मागच्या चाकांपाशी वाकून पेट्रोलचा वास येतो का तेही बघतो.

पैशाचं गणित मात्र तेलाच्या गणिताहून अवघड आहे. समजा गाडी २५ लाखांची, इंजिन पुन्हा बांधायला १२ लाख, आणि ते जाण्याची शक्यता शंभरात आठ. बारा लाखांचे आठ टक्के म्हणजे ९६ हजार. कागदावर हा धोका लाखाच्याही आत बसतो आणि मनाला बरं वाटतं. पण हे गणित शंभर गाड्या विकत घेणाऱ्याचं आहे. माझ्या घरी एकच गाडी येणार. तिचं इंजिन एक तर जाणार नाही किंवा पूर्ण बारा लाखांना जाणार, ९६ हजारांचं बिल मला कधीच येणार नाही. बायकोने हे एका वाक्यात विचारलं, "उद्या इंजिन गेलं तर सईच्या अॅडमिशनच्या पैशांना हात लागेल का?" या प्रश्नाला टक्केवारी उत्तर देऊ शकत नाही. मी दिलेलं उत्तर असं, की इंजिनाचे पैसे आधी वेगळ्या एफडीत जातील आणि उरलेल्यातच गाडी येईल. त्यामुळे गाडीचं बजेट एकदम खाली आलं आणि माझी झोप सुधारली. ज्याला पूर्ण इंजिनाचा खर्च बाजूला ठेवता येत नाही, त्याने तेवढ्या किमतीची गाडी घेऊच नये असं मला मनापासून वाटतं. गाडी कितीही स्वस्त मिळत असो. किंबहुना स्वस्त मिळत असेल तर जास्तच.

इन्शुरन्सवर कुणी विसंबू नये. साध्या मोटार पॉलिसीत झिजेने किंवा बिघाडाने गेलेलं इंजिन बसत नाही. वेगळा हप्ता भरून मिळणारं इंजिनाचं संरक्षण पाणी शिरणं, तेल गळून नुकसान होणं अशा गोष्टींपुरतं असतं आणि इतक्या जुन्या गाडीला ते सहसा मिळतही नाही. आमच्या शहरात या गाडीचं अधिकृत वर्कशॉप नाही. म्हणजे मोठं काम निघालं की गाडी लादून नेणारा फ्लॅटबेड ट्रक आणि मुंबई.

माझा मावसभाऊ इंदिरानगरला राहतो. त्याला स्कोडाची लॉरा आरएस घ्यायची आहे, १.८ टीएसआयवाली. "दादा, पोर्शेचं तुझं तू बघ, माझं इंजिन साधं आहे," असं तो म्हणतो. त्या इंजिनालाही त्याची दुखणी आहेत. सुरुवातीच्या पिढ्यांत टायमिंग चेनचा टेन्शनर सैल पडतो आणि नेमकं स्टार्ट करतानाच चेन दात सोडते. पिस्टन रिंगांमुळे तेल खाण्याची सवयही आहे. कडेचा प्लग काढून टेन्शनर किती बाहेर आलाय ते बघता येतं, ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस एवढंच त्याला सांगितलं. बीएमडब्ल्यूच्या व्ही८ एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग असतात, माझदाच्या रोटरी इंजिनात टोकाची सील. जोरात फिरणाऱ्या प्रत्येक इंजिनाची एक दुखरी जागा असते आणि ती आज सगळ्यांना माहीत आहे. माहीत असलेल्या दुखण्याची मला तितकी भीती नाही, कारण ते शोधता येतं.

दुसरी गाडी कोल्हापूरला सापडली. २००७ चीच, २.७ चीच, पण केमन. ८४ हजार किलोमीटर. हा आकडा ऐकून माझ्या ऑफिसातले दोघं हसले होते. मालकांची शिरोलीला फाउंड्री. दर रविवारी पहाटे गगनबावड्याकडे जाऊन यायचं आणि मग मिसळ, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. मी फोनवर सांगितलं होतं की इंजिन थंड लागेल. आम्ही आदल्या रात्री कोल्हापुरात मुक्काम केला. सकाळी गेलो तेव्हा गाडी आच्छादनाखाली होती आणि ते म्हणाले, "हात लावून बघा की, काल दुपारपासून उभी हाय."

इंजिन सुरू झालं, क्षणभर खडखडलं आणि बसलं. थोडा निळा धूर, मग स्वच्छ. स्कॅनरवर १९०० तास, म्हणजे सरासरी ताशी ४४. लाल रेषेपलीकडच्या नोंदी होत्या, पण सगळ्या जुन्या तासांवरच्या आणि गिअर चुकून खाली टाकल्यावर होतात तशा जोराच्या नव्हत्या. मग फाइल समोर आली. जाड, कोपरे मऊ पडलेली. दर वर्षी किंवा आठ हजारांवर, जे आधी येईल तेव्हा तेल बदललेलं, प्रत्येक बिलावर तेलाचा ग्रेड. पाण्याचा पंप बदलल्याचं बिल. पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ मध्ये केलेल्या फेरनोंदणीचे कागद. एका पानावर त्यांच्याच अक्षरात तेलाच्या पातळीची तारीखवार नोंद. मी क्वालिटीचा माणूस आहे, मला ते पान बघून आनंद झाला हे लपवत नाही.

चाचांनी गाडी लिफ्टवर घेऊन तेलाचा फिल्टर उतरवला. कागद ब्लेडने कापला, घडी न् घडी उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरली आणि तेल निथळू दिलं. मग टॉर्च आडवी धरून बघायचं, म्हणजे बारीक कणही चमकतो. चुंबक फिरवलं. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा चेन. न चिकटता चमकलं तर अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा भिंत. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे मिळाले तर चेनची गाइड झिजली. चुंबक कोरडं राहिलं. प्लास्टिकचे दोन बारीक कण होते, त्या वयाला शोभतील इतकेच. मग प्लग काढून कॅमेरा आत गेला. सहाही सिलिंडर आम्ही स्क्रीनवर बघितले आणि सहाव्यावर सगळ्यात जास्त वेळ थांबलो, कारण ओरखडे बहुधा त्या बाजूला आधी दिसतात. करडी, एकसारखी भिंत. काही फिकट उभ्या रेषा होत्या, पण धातू उचकटलेला कुठे दिसला नाही. मालक शेजारी उभं राहून आमच्याइतक्याच उत्सुकतेने बघत होते. स्वतःच्या इंजिनाचं पोट त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी निर्दोष नाही. क्लच जड झालाय आणि वर्षभरात बदलावा लागेल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेलाचा ओलावा आहे. तो क्रँकच्या मागच्या सीलचा आहे की त्या बेअरिंगच्या झाकणाचा, हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय सांगता येत नाही. कूलंटच्या टाकीला केसाएवढी चीर आहे. हे मोठं बेअरिंग बाहेर काढता येत नसलं, तरी क्लचच्या कामात गिअरबॉक्स खाली येतो तेव्हा त्याचं बाहेरचं सील उचकटून काढता येतं, म्हणजे इंजिनातलं ताजं तेल गोळ्यांपर्यंत पोहोचतं. माझ्या मनात हेच होतं. मी तिन्ही गोष्टी कागदावर लिहून मालकांसमोर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या, टाकीच्या चिरेपाशी स्वतः जाऊन टॉर्च मारली, आणि क्लचचं पूर्ण काम किमतीतून वजा करायला तयार झाले. टाकी म्हणाले मीच बदलून देतो.

तिचं आयएमएस बेअरिंग कधीच जाणार नाही असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. एफडी तशीच राहणार आहे. पण तेलाचा नमुना तपासणीला गेला तो आता आला आहे. लोह, तांबं, शिसं, सिलिकॉन, सगळं त्या वयाच्या इंजिनाला साजेसं, आणि तेलात पेट्रोल जवळजवळ नाही. काल टोकनची रक्कम पाठवली. चाचांनी क्लच, सील आणि जोडाच्या कामाला लिफ्ट पुढच्या आठवड्यात राखून ठेवली आहे. गाडी फ्लॅटबेडवर मागवू का, असं मी मालकांना फोनवर विचारलं तर त्यांना ते अजिबात पटलं नाही. "साडेचारशे किलोमीटरला फ्लॅटबेड कशाला हो? चालवत न्या की. फक्त तेल तापेपर्यंत तीन हजाराच्या वर न्यायचं न्हाई." शनिवारी मी आणि चाचा रात्रीच्या बसने कोल्हापूरला निघतोय.